मूठभर खिसा

कपड्यांच्या कुठल्याही दुकानात गेले की माझा उजवा हात आपोआप टांगलेल्या पॅन्टींच्या खिशात जातो. ठाण्याला कायमची परत आले त्याच आठवड्यात सुनेबरोबर मॉलमध्ये गेले होते. तिनं हळूच विचारलं, "आई, काही हरवलंय का?" मी हात बाहेर काढला. काय सांगणार कपाळ? ही खोड माझी नव्हेच. ती रत्नमाला तायडेची. इतकी वर्षं तिला गाडीत शेजारी बसवून दुकानं पालथी घातली, त्यात मला लागली.

बहारीनला आम्ही दोघी एकाच ऑफिसात होतो. जहाजानं माल पाठवणारी मनामातली कंपनी. मी अकाउंट्सला, ती कागदपत्रांच्या टेबलावर. राहायलाही अरादच्या एकाच बिल्डिंगमध्ये, मी तिसऱ्या मजल्यावर, ती दुसऱ्या. माझे यजमान गेल्यावर मी हट्टानं गाडी शिकले, आणि लायसन्स हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी रत्नमालेनं जाहीर केलं, "आता मी बसनं नाई येत." विचारलं नाही, जाहीर केलं. तेव्हापासून माझ्या शेजारची सीट तिची झाली. तिनं ती पुढं ओढून घेतली, आरशाला एक टिकलीचं पाकीट अडकवलं आणि एसीची एक झडप कायमची स्वतःच्या बांगड्यांकडे वळवली. बांगड्या तापतात म्हणे.

अराद विमानतळाला इतकं चिकटून आहे की डोक्यावरून विमान गेलं की बोलणं ऐकू येत नाही. आम्ही बाकीचे आवाज चढवायचो. रत्नमाला थांबायची. बोट वर करून, अर्धं वाक्य तोंडात धरून, विमान पार दिसेनासं होईपर्यंत थांबायची आणि मग नेमकी त्याच शब्दापासून पुढं. त्यामुळे तिच्याशी भांडणं फार अवघड होतं. आपला राग विमानाबरोबर निघून जायचा, तिचा जागच्या जागी असायचा.

दिसायला बुटकी, गोल, आणि आमच्या ऑफिसातली सगळ्यात नटवी बाई. ड्रेस जांभळा तर टिकली जांभळी, बांगड्या जांभळ्या, ओढणीची पिनसुद्धा जांभळी. नेलपेंट वाळेपर्यंत फोन उचलायची नाही. साहेबांचा असला तरी नाही. अशा बाईला मुलगी झाली. तिनं नाव ठेवलं आम्रपाली. नाव ठेवतानाच तिनं काय काय मनात रंगवलं असेल, याचा अंदाज तिच्या पलंगाखालच्या बॅगेवरून यायचा. मुलगी पोटात असल्यापासून घेतलेले फ्रॉक त्या बॅगेत होते. झालरींचे, मोत्यांचे, पाठीला बो असलेले. त्यातले निम्मे घडीसुद्धा न मोडलेले.

कारण आम्रपाली आमू निघाली. चालता यायला लागल्यापासून तिनं फ्रॉक ओढून काढून फेकायला सुरुवात केली, ती थांबलीच नाही. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये केरळी मुलांबरोबर फुटबॉल, गुडघे कायम सोललेले, केस मानेच्या वर, कानांत काही नाही. टोचले होते, ते बुजले. घरात आईवडील मराठीत बोलायचे, ही इंग्रजीत उत्तर द्यायची. चालायची एक तऱ्हा होती तिची. दोन्ही हात खिशात घालायची, आणि हात खिशात गेले की तिचे खांदे सैल पडायचे, मान वर व्हायची, आणि ती रस्ता आपलाच असल्यासारखी चालू लागायची. खिसा नसला की त्याच पोरीला आपल्या हातांचं काय करावं ते कळायचं नाही. बोटं चावायची, कोपरं धरायची, भिंतीला टेकून उभी राहायची.

हे आम्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. रत्नमालेच्या आलं.

"मले समजत नाई, ताई," ती एकदा गाडीत तिच्या अकोल्याच्या वऱ्हाडीत म्हणाली. "खरं सांगतो. मले जर माह्या आईनं असे फ्रॉक घेतले असते त मी झोपताना नसते काढले. हे पोट्टी काहून अशी हाय, मले नाई समजत. पन तिले खिसा पायजे. खिसा असला की माह्यी पोरगी सुखात राहते. मंग मले समजून काय करायचं हाय?"

विमान आलं. तिनं बोट वर केलं. विमान गेलं.

"खिसा शोधायचा," ती म्हणाली.

आणि आम्ही शोधत राहिलो. गुरुवारी ऑफिस सुटलं की आमची वरात निघायची. आमूला साधी जीन्स हवी होती. अंगाला काचणार नाही, पळता येईल, बसता येईल, आणि दिसायला झकास. दिसण्याचं तिला काही नव्हतं असं समजू नका. तिला नीट ठाऊक होतं काय हवंय ते. सरळ पायाची, गडद निळी, खाली एक घडी दुमडलेली. एवढं साधं मागणं आणि मुलींच्या विभागात ते कुठंही नव्हतं. तिथल्या जीन्सवर फुलं, मणी, चमकी, गुडघ्यावर जाळी. घट्ट इतक्या की आमू खाली बसली की म्हणायची, "आई, आय कांट ब्रीद." आणि खिसे म्हणाल तर शिवून बंद केलेले, किंवा खिसा नाहीच, नुसती खिशाच्या आकाराची शिलाई. रत्नमाला प्रत्येक पॅन्टच्या खिशात मूठ घालून बघायची. बोटं नव्हे, मूठ. मूठ गेली नाही की दुकानदारासमोर पॅन्ट धरायची आणि तिच्या त्या हिंदीत विचारायची, "भैया, ये खिसा है या खिसे का फोटो है?"

मुलांच्या विभागात खिसे होते, पण पॅन्ट घालून बघायची सोय नव्हती. मुलांच्या ट्रायल रूमबाहेरचा माणूस आमूला आत सोडायचा नाही, कारण तिची आई तिला मोठ्यानं आम्रपाली अशी हाक मारायची. बायकांच्या ट्रायल रूमबाहेरची बाई तिला हाकलायची, कारण तिचे केस बघून तिला हा मुलगाच वाटायचा. एकदा दोन्ही दारांवरून परत आल्यावर आमू दुकानाच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "आई, लेट्स गो होम." रडली नाही. मला ते जास्त लागलं.

त्या दिवशी रत्नमालेनं अकोल्याच्या बाजारातली युक्ती बाहेर काढली. पॅन्टचं बटण लावायचं, कमरेची पट्टी आडवी ताणून गळ्याभोवती गुंडाळायची. दोन्ही टोकं मानेमागे टेकली की ती पॅन्ट कमरेला बसणार. आपल्याकडे फुटपाथवर हे कुणीही करतं. बहारीनच्या चकचकीत मॉलमध्ये मात्र एक बाई पोरीच्या गळ्याभोवती पॅन्ट आवळतेय हे बघून दुकानातली फिलिपिनो मुलगी धावत आली, "मॅडम, मॅडम, व्हॉट आर यू डूइंग!" रत्नमालेनं तिलाही शांतपणे धरलं आणि तिच्या गळ्याभोवती एक पॅन्ट गुंडाळून दाखवली. मग त्या मुलीला इतकं हसू फुटलं की तिनं मैत्रिणींना बोलावलं. आमूही हसली. तेव्हापासून ट्रायल रूमचा प्रश्न मिटला. पुढं आमू चौदा-पंधराची झाली तेव्हा मायलेकींची मान सारखीच भरायला लागली आणि रत्नमालेला कोण आनंद! आता पोरीला दुकानात न्यायचीही गरज नाही. ती स्वतःच्याच गळ्यात पॅन्ट अडकवून दुकानभर हिंडायची.

मान जमली तरी पॅन्ट जमेना. मुलांची कमरेत बसायची ती मांडीत अडायची. मग कुणीतरी सांगितलं, शिवूनच घ्या. जिदहफ्सच्या बाजारात एक म्हातारा हैदराबादी शिंपी होता, पुरुषांचे लांब पांढरे झगे शिवण्यात तरबेज. रत्नमालेनं जाड डेनिमचा तुकडा घेतला, आमूला त्याच्यापुढं उभं केलं, आणि खिशाची खोली दाखवायला स्वतःची मूठ त्याच्या टेबलावर ठेवली. "इतना जाना चाहिए, चाचा." चाचांनी मान डोलवली. "इंशाल्ला, अगले हफ्ते."

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो. पॅन्ट सुरेख झाली होती. सरळ पाय, खोल खिसे, पक्की शिलाई. आणि मागच्या खिशावर गुलाबी रेशमानं भरलेलं हे एवढं फुलपाखरू. चाचा कौतुकानं म्हणाले, "बच्ची है ना. इसका पैसा नहीं लूँगा."

त्या माणसाला काय बोलणार? रत्नमालेनं त्यांचे हात धरून आभार मानले. शुक्रवारभर ती ब्लेड घेऊन बाल्कनीत बसली आणि एकेक टाका उसवला. रेशीम गेलं, पण डेनिमवर सुईची भोकं राहिली. नीट पाहिलं की फुलपाखरू दिसायचंच. आमूनं ती पॅन्ट वरून लांब शर्ट घालून वापरली, फाटेपर्यंत. आईचा तो शुक्रवार तिला दिसला होता.

सापडली शेवटी, ती अगदी भलत्या ठिकाणी. मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांत कामगारांच्या कपड्यांचं एक दुकान होतं. विमानतळावरचे, गोदीतले, गॅरेजमधले लोक तिथून बूट, हातमोजे, डांगऱ्या न्यायचे. मला गाडीत ठेवायला हातमोजे हवे होते म्हणून आम्ही थांबलो. मी मोजे बघतेय तोवर मागून आवाज आला, "ताई." असा आवाज तिनं आधी कधी काढला नव्हता. वळून पाहिलं तर तिच्या हातात डेनिमची कामाची पॅन्ट, गडद निळी, सरळ, आणि तिचा हात मनगटाच्या वरपर्यंत खिशात गेलेला. छोट्या चणीच्या कामगारांसाठी ठेवलेलं सगळ्यात लहान माप. तिनं ती गळ्याभोवती गुंडाळली. टोकं मानेमागे अलगद टेकली.

संध्याकाळी आमूनं ती घातली, खालची एक घडी दुमडली आणि आरशात न बघताच बाहेर पडली. आम्ही दोघी मागून अरादच्या किल्ल्याजवळच्या समुद्राकाठी गेलो. ती पुढं चालली होती, हात खिशात, मान वर, खांदे सैल. वारा होता. रत्नमालेनं माझा दंड धरला होता आणि तिच्या बांगड्या मला रुतत होत्या. डोक्यावरून विमान गेलं, ती बोलत नव्हतीच, तरी तिनं सवयीनं बोट वर केलं. त्या पोरीला मी इतकं सुंदर कधी पाहिलं नव्हतं. हे मी आजही कुणालाही सांगेन.

आमूच्या वडिलांना ती पॅन्ट आवडली नाही.

मिलिंद तायडे वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. विमानतळावर जमिनीवरची यंत्रं दुरुस्त करायचं काम, शिफ्टची नोकरी, कमी बोलणारा. त्याचा शर्ट मी कधी चुरगळलेला पाहिला नाही. माझ्या गाडीत बसला तर पाठ टेकायचा नाही. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, माझे वडील एसटीत जागा असली तरी उभे राहायचे. इस्त्री मोडू नये म्हणून. आमच्या आजोबांच्या वाट्याला गावाचे उतरलेले कपडे यायचे. फाटके, विटके. वडील म्हणायचे, आपल्या माणसानं घराबाहेर नीटनेटकंच दिसलं पाहिजे. ते शिकून मी इथवर आलो. आणि माझी पोरगी मजुराची पॅन्ट घालून हिंडते."

त्याचं काय चूक होतं, ते मला सांगता येईना. रत्नमाला एवढंच म्हणाली, "अहो, नवी कोरी हाय ती. कोनाची उतरलेली नाई."

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम होता. एका हॉलमध्ये सगळी आपली माणसं जमायची, पांढरे शुभ्र कपडे, मुलांची भाषणं, भारतातून बोलावलेला पाहुणा. आमूला निबंधाचं पहिलं बक्षीस होतं. वडिलांनी पांढरा पंजाबी ड्रेस आणला. आमू म्हणाली, "देन आय ॲम नॉट गोइंग." दोन दिवस घर धुमसलं. शेवटी रत्नमालेनंच तोडगा काढला. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट आणि खाली ती निळी पॅन्ट, तिलाही इस्त्री. "पांढरा अन् निळा," ती नवऱ्याला म्हणाली. "आजच्या दिवसाचाच रंग हाय. अजून काय पायजे?" मिलिंदनं स्वतः आमूची कॉलर नीट केली, हे मी पाहिलं.

नाव पुकारलं गेलं, "आम्रपाली मिलिंद तायडे." आमू स्टेजवर गेली. पाहुण्यानं तिच्याकडे पाहिलं, मागं पाहिलं, आणि माइकवरून हसत म्हणाला, "अरे बेटा, तुझ्या बहिणीला पाठव. बक्षीस तिचं आहे."

हॉल हसला. वाईट हेतूनं नव्हे, असंच हसला. आमू म्हणाली, "इट्स मी, सर." ते माइकनं पकडलं आणि हॉल आणखी हसला. तिनं बक्षीस घेतलं, हात खिशात घातले नाहीत, आणि खाली आली. मला त्या पाहुण्याचा भयंकर राग आला. अजून येतो. मिलिंद खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत बसला होता. बूट चकाकत होते.

त्यानंतर घरात ठरलं की दहावीनंतर आमूनं अकोल्याला आत्याकडे राहायचं. तिथंच कॉलेज करायचं. वळण लागेल, चार बायकांत वावरेल. वळण हा शब्द मिलिंदचा नव्हता, आत्याचा होता. त्यानं फक्त मान्य केला. रत्नमाला भांडली. महिनाभर माझ्या गाडीत तिचं तेच चाललं होतं. पण एकीकडे तिच्या मनात हेही होतं की दोन वर्षांची तर गोष्ट, पोरीची मराठी सुधारेल, बापाचा राग शांत होईल. "पॅन्ट त सोबत हाय ना तिच्या," ती म्हणायची. "खिसा हाय, त निभून जाईन."

मग बॅग भरायची वेळ आली. आखाती देशातून गावी जाणाऱ्या माणसाची बॅग ही त्याची नसते, हे तिथं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ती बहिणीची असते, नणंदेची असते, शेजाऱ्यांची असते. रत्नमालेनं ठरवलं होतं की पोरगी परक्या घरी राहायला चाललीय, तेव्हा आत्याकडच्या कुणाचं मन मोडता कामा नये. बदाम, खजूर, दुधाची पावडर, अत्तराच्या बाटल्या, काकाला टॉर्च. आणि आत्यानं फोनवर दोनदा आठवण करून दिलेलं ते जाड, मऊ, गुलाबाच्या फुलांचं ब्लँकेट. मी वर बसून चेन ओढली तरी बॅग मिटेना. काट्याला लटकवली तर वजन जास्त. अत्तर काढलं, परत घातलं. टॉर्च काढला, परत घातला. डेनिम जड असतं. रत्नमालेनं ती पॅन्ट बाहेर काढली, बॅग मिटली, काटा बरोबर आला.

"जूनमध्ये आम्ही लिव्हवर जातोच," ती म्हणाली. "तवा नेतो मी. तोवर आत्या ब्लँकेटवर खूश राहीन, पोरीले नीट वागवन." पॅन्ट तिनं आमूच्या खोलीत दारामागच्या खुंटीला अडकवली. आमू तेव्हा खाली पार्किंगमध्ये मुलांचा निरोप घेत होती. निघायच्या गडबडीत ते सांगायचं राहून गेलं.

अकोल्यात बॅग उघडल्यावर आमूनं फोन केला. रत्नमालेनं मला नंतर सांगितलं, पोरीनं एवढंच विचारलं, "आई, यू टुक इट आउट?" हिनं ब्लँकेटचं, वजनाचं, जूनचं सगळं समजावलं. पलीकडून "ओके" आलं. आमूच्या दृष्टीनं तिच्या बाजूला घरात एकच माणूस होतं, आणि त्या माणसानं पॅन्ट काढून घेऊन तिला पाठवलं होतं. हे तिनं बोलून दाखवलं नाही. कधीच नाही.

मी म्हटलं, कुणाबरोबर तरी पाठवून देऊ. पण शोधाशोध करेपर्यंत जून आला. रत्नमालेनं पॅन्ट बॅगेत ठेवलीच नाही, हातातल्या पिशवीत घेतली, विमानात मांडीवर ठेवली. परत आल्यावर पहिल्या दिवशी गाडीत बसली तेव्हा ती पिशवी तशीच तिच्या मांडीवर होती.

"केस वाढवून राहिली ती," रत्नमाला म्हणाली. "ओढनी घेते. कान टोचले, अत्याबाईनं. मी पॅन्ट देली त पाह्यली, उलटी करून पाह्यली, अन् नीट घडी करून मले वापस देली. म्हने, आई, राहू दे. इथं कुठं घालू मी?" ती थांबली. विमान नव्हतं. "मराठीत बोलली, ताई. एकदम साफ मराठीत. भांडली असती त बरं झालं असतं. इंग्रजीत शिव्या देल्या असत्या त चाललं असतं मले."

आणि मग खिडकीकडे बघत, "ते ब्लँकेट अजून प्लास्टिकच्या पिशवीतच हाय. कपाटावर ठेवलं त्यायनं. पाहुन्यासाठी."

दोन वर्षांवर पुढं आणखी वर्षं चढत गेली. बाहेर फार काळ राहिल्यानं आमूचा बहारीनचा व्हिसा संपला. पुन्हा काढायचं मिलिंदनं म्हटलं, आमू म्हणाली, "नको बाबा, माझं कॉलेज आहे." जी पोरगी जन्मभर पप्पा म्हणाली तिनं बाबा म्हटलं. मिलिंदला सगळे सांगायचे, केवढी सुधारली हो मुलगी. त्याच्या फोनवर तिचा एक फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला. मोरपंखी ड्रेस, लांब केस, कानांत झुंबरं. त्यानं तो मला दाखवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी म्हटलं, छान दिसतेय. तो म्हणाला, "हो. सगळे म्हणतात." मग फोन खिशात ठेवताना म्हणाला, "मॅडम, घरात कुणी दार आपटत नाही आता. मी शिफ्टवरून येतो आणि ऐकत बसतो."

तोच फोटो रत्नमालेनं मला दाखवला तो मोठा करून. चेहरा नाही, कपडे नाहीत. फक्त हात. आमूच्या हातांनी एकमेकांची कोपरं धरली होती. "कुठं ठेवावं समजून नाई राहिलं तिले," ती म्हणाली आणि फोन उलटा करून ठेवला.

रत्नमालेचं नटणं थांबलं नाही. लोकांना वाटायचं ही बाई ठीक आहे. पण विमान डोक्यावरून गेलं तरी ती बोलायची थांबेनाशी झाली. त्या आवाजात तिचे ओठ हलत राहायचे, मला काही ऐकू यायचं नाही, आणि मी विचारलं तर म्हणायची, "काही नाई, जाऊ द्या." अलीकडे तिकडून स्थळांची बोलणी सुरू झाली होती. आमूला विचारलं तर म्हणायची, "तुम्ही ठरवा." रत्नमालेनं तिला फोनवर ओरडून विचारलं म्हणे, तुले काय पायजे ते सांग ना एकदा. आमू म्हणाली, "मला काही नको, आई."

माझी नोकरी संपली तेव्हा व्हिसाही संपणार होता. निघायच्या आधीच्या गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी नेहमीसारखी गाडी काढली. शेवटचं म्हणून रत्नमालेला विचारलं, कुठं जायचंय का? तिनं मुहर्रक सांगितलं. मला वाटलं मिठाई घ्यायची असेल. तिनं त्या कामगारांच्या कपड्यांच्या दुकानासमोर थांबवलं. मी गाडीतच बसले. पार्किंगला जागा नव्हती, आणि खरं म्हणजे मला आत जायचं धैर्य झालं नाही.

काचेतून सगळं दिसत होतं. दुकानदार तोच, फक्त दाढी पांढरी झालेली. त्यानं तिला ओळखलं, काही न विचारता त्या रांगेकडे हात केला. सगळ्यात लहान माप. रत्नमालेनं एक पॅन्ट काढली, बटण लावलं, पट्टी ताणली आणि स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळली. टोकं मानेमागे टेकतात का ते ती बोटांनी चाचपत राहिली. पोपटी बांगड्या, पोपटी टिकली, गळ्यात निळी पॅन्ट. बाजूनं दोन गोदी कामगार गेले, त्यांनी तिला वाट दिली. दुकानदारानं पिशवी पुढं केली. "पॅक करूँ, मॅडम?"

तिनं मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. पॅन्ट गळ्यातून काढली. उजव्या हाताची मूठ केली आणि खिशात घातली. हात मनगटाच्या वरपर्यंत आत गेला. तो तिनं तसाच ठेवला, बराच वेळ, दुकानदार पिशवी धरून उभा होता तोवर. मग हात काढला, पॅन्टची घडी घातली, होती त्या जागी ठेवली आणि बाहेर आली.

गाडीत बसली. पट्टा लावला. एसीची झडप बांगड्यांकडे वळवली.

"अख्खी मूठ जाते, ताई," ती म्हणाली. "अजूनही जाते."